ऐरण चार हातांची

लोखंड तापवून घडवण्याच्या छंदाविषयी या स्तंभात मागे चार ओळी लिहिल्या होत्या. त्यानंतर ठाणे, ऐरोली, नेरुळ, खारघर अशा ठिकाणांहून इतकी पत्रे आली की या वेळचा संपूर्ण स्तंभ त्याच विषयाला द्यावा, अशी विनंती मी संपादकांना केली आणि त्यांनी ती मान्य केली. उत्तरे लिहिणारा मी जन्माने लोहार नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये तीस वर्षे काढून निवृत्त झाल्यावर मी ऐरणीपाशी उभा राहिलो. गेली नऊ वर्षे दर रविवारी सकाळी वागळे इस्टेटमधील एका गाळ्यामागच्या शेडमध्ये आम्ही दहा-बाराजण जमतो. तिथे जे पाहिले आणि हाताने केले, त्याच्याच आधारे ही उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी महापे येथे संगणक क्षेत्रात नोकरी करतो. वर्षभर मोबाइलवर परदेशी लोहारांचे व्हिडिओ पाहून मला या कामाचे वेड लागले आहे. एक लहान ऐरण आणि गॅसवर चालणारी भट्टी मी ऑनलाइन मागवली आहे. आमचा फ्लॅट सातव्या मजल्यावर असून बाल्कनी ऐसपैस आहे, सिलिंडर घरात आहेच. तिथेच सुरुवात करावी का? — एक वाचक, ऐरोली

उत्तर : बाल्कनीत भट्टी कृपा करून पेटवू नका. जळणाला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो, आणि सरकत्या दारातून तो घरात शिरला तर कळतही नाही. घरगुती वापराचा १४.२ किलोचा सिलिंडर स्वयंपाकाखेरीज अन्य कामाला जोडण्यास कायद्याने मनाई आहे. आवाजाच्या बाबतीत, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि ऐरणीचा पहिलाच ठोका ती ओलांडतो. शेजाऱ्यांशी वितुष्ट घेऊन कोणताही छंद फार काळ टिकत नाही.

परंतु समजा, तुमच्याकडे येऊरला किंवा मुरबाडला मोकळे आवार असते, तरीही एकट्याने सुरुवात करू नका, असेच मी म्हटले असते. अर्धा इंची चौकोनी सळई भट्टीतून केशरी रंगाची होऊन बाहेर येते तेव्हा ती हातोड्याला वळते. ऐरणीवर टेकताच मात्र ऐरण तिची उष्णता ओढून घेऊ लागते, आणि घाव घालण्याजोगा वेळ अर्ध्या मिनिटाच्या आत संपतो. एकदा तापवून मिळालेल्या या अवधीला आम्ही ‘ताव’ म्हणतो. त्या तावात काय करायचे, कोणत्या बाजूने करायचे आणि किती घाव घालायचे हे लोखंड भट्टीत असतानाच ठरलेले असावे लागते. नवशिका माणूस त्यातली पहिली दहा सेकंदे सांडशीची पकड सावरण्यात घालवतो, पुढची दहा सेकंदे घाबरून चुकीच्या जागी मारण्यात जातात, आणि मग लोखंड काळे पडल्यावर तो जीव तोडून ठोकू लागतो. व्हिडिओतला माणूस तुमचा हात पाहू शकत नाही, शेजारी उभा असलेला पाहतो. ‘सांडशी जरा मागे धर’, ‘कोपर अंगापासून सोडव’, ‘नजर हातोड्यावर नको, लोखंडावर ठेव’, अशी तीन वाक्ये नेमक्या क्षणी कानावर पडली तर तीन महिन्यांची धडपड वाचते.

आमच्या शेडमध्ये ऐरण एकाची आहे, भट्टीला हवा देणारा, हाताने फिरवायचा पंखा दुसऱ्याचा आहे आणि कोळसा सर्वांचा आहे. नव्याने आलेल्याच्या हाती पहिल्या रविवारी हातोडा देत नाहीत, पंख्याचा दांडा देतात. पुष्कळांना हा अपमान वाटतो, पण त्यामागचा हेतू वेगळा आहे. पंखा फिरवणाऱ्याला निखाऱ्यांकडे आणि लोखंडाकडे सतत पाहावे लागते, आणि रंग ओळखणे ही या कामाची बाराखडी आहे. साधारण ७५० अंश सेल्सिअसला लोखंड कुंकवासारखे लाल दिसते, ९५० च्या आसपास केशरी होते, ११०० च्या पुढे हळदीसारखे पिवळे होते. त्याहून पुढे ते पांढरे होऊन तडतडणाऱ्या ठिणग्या उडू लागल्या की लोखंड जळू लागले असे समजावे. दिवाळीच्या फुलबाजीत लोखंडाचा कीसच असतो, त्यामुळे त्या ठिणग्या ओळखायला आपल्याला वेगळे शिकावे लागत नाही. हे सर्व रंग उन्हात फिके दिसतात, म्हणून भट्टी शेडच्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेली असते आणि तिच्याभोवती आम्ही खांद्याला खांदा लावून उभे असतो. या छंदातली निम्मी मैत्री त्या कोपऱ्यातच जुळते, असा माझा अनुभव आहे. रंग योग्य झाला की तीन-चार तोंडांतून एकदमच ‘काढ’ असा शब्द निघतो. ज्या रविवारी नवख्याच्या तोंडून तो सर्वांबरोबर निघतो, त्या रविवारी त्याला हातोडा मिळतो.

मागवलेली ऐरण आली की एक परीक्षा करा. बेअरिंगमधील पोलादी गोळी तिच्यावर फूटभर उंचीवरून सोडा. चांगल्या पोलादी ऐरणीवर ती जवळपास सोडल्या उंचीपर्यंत परत उसळते, तर बिडाच्या ऐरणीवर थोडीशी उसळून निपचित पडते. ऐरण बिडाची निघाली तर परत करा आणि त्या पैशांतून डोळ्यांचा चष्मा, कानांचे बोळे आणि चामड्याचे बूट घ्या. त्यानंतर जवळच्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यात किंवा कळंबोलीच्या लोखंड बाजारात जाऊन, हाताने लोखंड घडवणारे कोणी रविवारी जमतात का, याची चौकशी करा. दोन-तीन ठिकाणी विचारल्यावर पत्ता लागतो. आम्हीही असेच एकमेकांना सापडलो.

प्रश्न : मी बावन्न वर्षांची असून शाळेत शिकवते. मुलाबरोबर एकदा अशी भट्टी पाहायला गेले आणि तिथून पाय निघेना. मला मनापासून शिकायचे आहे. पण तिथे सगळे पुरुष होते, घण उचलण्याइतकी ताकद माझ्यात नाही, आणि माझ्यामुळे इतरांचा खोळंबा होईल अशी भीती वाटते. — एक वाचक भगिनी, पाचपाखाडी

उत्तर : ताई, तुमच्या पत्राने मला लहानपणच्या म्हशाच्या यात्रेत नेऊन पोहोचवले. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौषात भरणाऱ्या त्या यात्रेत बैलांच्या बाजाराच्या कडेला घिसाडी कुटुंबांची पाले असत. एका पालासमोर जमिनीत रोवलेली वीतभर ऐरण होती. तिच्यामागे घरधनी उकिडवा बसून डाव्या हातातील सांडशीने खुरप्याचे पाते फिरवत होता, आणि समोर पदर खोचून उभी असलेली त्याची बायको घण चालवत होती. तो आपल्या लहान हातोडीने लोखंडावर एका जागी हलकेच टिचकी मारायचा आणि पुढच्याच क्षणी तिचा घण बरोबर तिथे पडायचा. टिचकी दोन बोटे पुढे सरकली की घणही दोन बोटे पुढे सरकायचा. टिचकी जोरात असली तर घण जोरात पडायचा, हलकी असली तर हलका. मग त्याने हातोडी आडवी करून ऐरणीच्या कडेला टेकवली आणि वर उचललेला घण तिने हवेतच वळवून खाली घेतला. एवढ्या वेळात दोघांमध्ये एक शब्दही बोलला गेला नव्हता. पालाच्या दोरीला बांधलेल्या झोळीत मूल झोपलेले होते.

हातोडीची ही भाषा आम्ही शेडमध्ये तशीच्या तशी वापरतो, आणि परदेशातल्या लोहारांमध्येही तीच चालते. तेव्हा बायकांना हे काम जमेल का, हा प्रश्न आपल्याकडे तरी कोणी विचारू नये. पिढ्यान्‌पिढ्या घणाचा भार स्त्रियांनी उचललेला आहे. त्यांना त्याचे श्रेय कोणी दिले नाही, हे मात्र खरे आहे.

ताकदीविषयी सांगायचे तर घण जोराने मारायचा नसतो, उचलून सोडायचा असतो. वजन खाली येताना स्वतःच काम करते. आपण फक्त ते सरळ पडेल आणि टेकल्यावर ऐरण त्याला जी उसळी देते तिचा उपयोग करून परत वर जाईल, एवढे पाहायचे असते. मुठी आवळून मारणारा तरुण दहा मिनिटांत थकतो आणि त्याचे मनगट संध्याकाळी दुखते. आमचा घण साडेतीन किलोचा आहे. तुम्ही आठशे ग्रॅमच्या हातोड्याने आरंभ करा, बारीक सळईचे टोक काढा, त्याला वाक देऊन भिंतीवरचा आकडा करा. घण दोन-तीन महिन्यांनी हाती घ्या. आज आमच्यात तिघीजणी आहेत. त्यांतल्या एक बाई पूर्वी भजनी मंडळात टाळ वाजवत. घणाचा ठेका त्यांच्याइतका कोणालाही सांभाळता येत नाही, आणि मोठे काम निघाले की त्या येईपर्यंत आम्ही भट्टी मंद ठेवून थांबतो. खोळंबा होतो तो घण मारणारे कोणी नसल्यामुळे, कोणी असल्यामुळे होत नाही.

येताना सुती कपडे घाला, कारण नायलॉन ठिणगीने वितळून कातडीला चिकटते. ओढणी किंवा पदर घट्ट खोचलेला असावा, केस बांधलेले असावेत, आणि हातोड्याच्या हातात हातमोजा घालू नये, पकड सुटते.

प्रश्न : भंगारवाल्याकडे रेल्वेच्या रुळाचा दोन फुटांचा तुकडा आहे. तो ऐरण म्हणून घ्यावा का? — एक वाचक, दिवा

उत्तर : रुळाचे पोलाद ऐरणीसाठी चांगले असते. त्याचा तुकडा आडवा वापरण्यापेक्षा उभा रोवून त्याच्या कापलेल्या टोकावर ठोकले तर घावाखाली पूर्ण वजन येते. मात्र तो तुकडा भंगारवाल्याकडे आला कोठून, हे आधी विचारा. चोरलेली किंवा बेकायदा मिळवलेली असल्याचा वाजवी संशय येईल अशी रेल्वेची मालमत्ता जवळ बाळगणे हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. लिलावातून घेतलेल्या मालाची पावती असेल तरच व्यवहार करा. पावती नसेल तर एखाद्या बंद पडलेल्या वर्कशॉपमधील जाड पोलादी ठोकळा शोधा, काम तितकेच चांगले होते.

प्रश्न : माझे आजोबा सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात बलुत्यावर लोहारकाम करीत. सुगीत धान्य मिळे, तेही मागून मागून. वडिलांनी तो भाता बंद करून मुंबई गाठली आणि मी आज नेरुळला बँकेत नोकरी करतो. आता चांगल्या पगाराची सुशिक्षित माणसे रविवारी हौसेने तेच काम करतात, तोंडाला काजळी लागलेले फोटो काढतात आणि त्यांचे कौतुक होते. मला त्याचा राग येतो. तो चुकीचा आहे का? — एक वाचक, नेरुळ

उत्तर : चुकीचा नाही. तुमचे पत्र मी आमच्या शेडमध्ये मोठ्याने वाचून दाखवले. नंतर बराच वेळ कोणी पंखा फिरवला नाही आणि त्या दिवशीची पहिली भट्टी विझली.

आमच्या हौसेत आणि तुमच्या आजोबांच्या कामात जे अंतर आहे ते मान्य केल्याशिवाय या छंदाविषयी प्रामाणिकपणे बोलता येणार नाही. माझा आकडा बिघडला तर मी तो कोपऱ्यात टाकून घरी जेवायला जातो. पेरणीच्या तोंडावर फाळाला टोक काढून देताना त्यांचे काम बिघडले असते, तर एका शेतकऱ्याचा हंगाम अडला असता आणि बोल त्यांनाच ऐकावा लागला असता. बारा बलुतेदारांत लोहाराचे स्थान मोठे होते, असे आपण पुस्तकात वाचतो. त्या स्थानाबरोबर काय सोसावे लागे, हे तुमच्या घराला ठाऊक आहे.

आमच्याकडे काय घडले, ते सांगतो. आम्हाला शिकवणारे वस्ताद कळव्याकडे दुकान चालवतात. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांच्या तीन पिढ्या या कामात आहेत. पहिल्या वर्षी एका प्रदर्शनात आमच्यातल्या एकाने स्वतः घडवलेली विळी मांडली होती. पाहणाऱ्याने विचारले, ‘कुठे शिकलात?’ त्याने सहज सांगितले, ‘व्हिडिओ पाहून.’ मामा तिथेच मागे उभे होते. त्या विळीला पाणी, म्हणजे तापवून झटकन थंड करून आणलेला कठीणपणा, त्यांनीच दिले होते. ते काही बोलले नाहीत, फक्त पुढचे दोन रविवार आले नाहीत. तिसऱ्या रविवारी आम्ही सगळे त्यांच्या दुकानात गेलो. ज्याने ते वाक्य उच्चारले होते तो सर्वांत पुढे होता आणि त्याला बोलता येत नव्हते. मामांनी त्याच्या हातात घण दिला आणि समोरचे काम पूर्ण करून घेतले.

त्यानंतर काही गोष्टी आम्ही ठरवल्या. मामांचा शिकवण्याचा मोबदला दर रविवारी, भट्टी पेटण्यापूर्वी, त्यांनी सांगितलेल्या आकड्याने दिला जातो आणि त्यात घासाघीस होत नाही. विळी, कोयता, खुरपे आम्ही विकत नाही. कोणी मागितले तर मामांच्या दुकानाचा पत्ता देतो, कारण पगारावर जगणाऱ्याने हौसेचा माल स्वस्तात विकून पोटावर जगणाऱ्याचे गिऱ्हाईक तोडणे हा अन्याय आहे. प्रदर्शनात मांडलेल्या प्रत्येक वस्तूबरोबर वस्तादाचे नाव लिहिले जाते. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते तेव्हा ऐरणीवर पहिले फूल मामाच वाहतात.

ज्या देशांत हा धंदा आपल्याआधीच बुडाला, तिथला अनुभवही मला विचार करायला लावतो. अमेरिकेत १९७३ साली जॉर्जिया राज्यातील लम्पकिन या गावी थोडेसे लोहार एकत्र आले आणि त्यातून आर्टिस्ट-ब्लॅकस्मिथ्स असोसिएशन ऑफ नॉर्थ अमेरिका ही संघटना उभी राहिली. ब्रिटनमध्ये तशीच संघटना १९७८ मध्ये झाली. धंदा म्हणून लोहारकाम तिथे जवळजवळ संपत आले होते, आणि उरलेल्या जाणत्यांभोवती हौशी माणसे गोळा झाली म्हणून हातातली विद्या पुढे गेली. आपल्याकडे मामांसारखी माणसे अजून आहेत. ती असतानाच त्यांच्याकडे शिष्य जायला हवेत, आणि गुरूला गुरूचा मान व मोबदला देऊनच जायला हवेत. याविषयी मला तिळमात्र शंका नाही.

तुमच्या घरी आजोबांची सांडशी किंवा हातोडा उरला असेल तर एकदा घेऊन या, असा माझा आग्रह आहे. हातोड्याचे तोंड कोणत्या कडेला झिजले आहे ते पाहून मामा, तो वापरणारा माणूस कोणत्या हाताचा होता आणि तो ऐरणीपाशी कसा उभा राहत असे, हे सांगतात. तुम्ही हातोडा उचलला नाही तरी चालेल. नुसते बसा.

प्रश्न : ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यापासून मी स्वयंपाकाची सुरी घडवली. कित्येक रविवार खपून आकार दिला, लाल करून पाण्यात बुडवली, आणि ‘टिंग’ असा आवाज होऊन पात्याला केसासारखी चीर गेली. मित्रांना सांगायची लाज वाटते. — एक वाचक, खारघर

उत्तर : तो ‘टिंग’ ज्याने ऐकला नाही असा लोहार मला अजून भेटलेला नाही. तुमच्या चुका दोन संभवतात. मराठीत ‘पाणी देणे’ म्हणतात म्हणून पोलाद पाण्यातच बुडवावे असे नाही. गाडीच्या पाट्याच्या पोलादात कार्बन अर्धा टक्का किंवा त्याहून थोडा अधिक असतो, शिवाय सिलिकॉन किंवा क्रोमियमसारखी द्रव्ये मिसळलेली असतात. असे पोलाद तेलात थंड करायचे असते. पाणी उष्णता फार झपाट्याने ओढते, पात्याचा पातळ भाग आधी आक्रसतो, जाड भाग मागे राहतो, आणि त्या ओढाताणीत चीर पडते. तेल सुमारे पन्नास अंशांपर्यंत कोमट केलेले असावे, कारण गार घट्ट तेलापेक्षा ते पात्याभोवती चांगले फिरते. झाकण असलेला लोखंडी डबा घ्या, प्लास्टिकची बादली कदापि नको. तेल पेटले तर झाकण ठेवायचे आणि पाणी अजिबात ओतायचे नाही.

दुसरी चूक रंगाची असू शकते. पोलाद ७७० अंशांच्या सुमारास लोहचुंबकाला चिकटणे सोडते. त्याहून किंचित पुढे, फक्त एक छटा उजळ झाल्यावर ते तेलात जायला हवे. नवखा माणूस खात्री करण्यासाठी जास्तच तापवतो आणि पोलादाचे कण मोठे होतात. हे तपासायचे असेल तर चीर गेलेले ते पाते डोळ्यांवर चष्मा चढवून शिकंज्यात धरा आणि मोडून टाका. मोडलेली कड साखरेसारखी खडबडीत चमकत असेल तर अतिताप झाला, आणि राखाडी रेशमासारखी बारीक दिसली तर दोष पाण्याचा. पुढच्या वेळी बुडवण्यापूर्वी पाते तीनदा लाल करून हवेत सावकाश निवू द्या, म्हणजे ठोकताना भरलेला ताण निघून जातो. तेलातून काढल्यावर पाते काचेसारखे ठिसूळ असते, म्हणून लगेच ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन वेळा, प्रत्येकी दीड-दोन तास ठेवा. घासून चकचकीत केलेल्या भागावर फिकट गव्हाळी रंग चढला की ते धारेला योग्य झाले. आकाराचे म्हणाल तर स्वयंपाकघराचा आकार सोडू नका. घरगुती किंवा शेतीकामाची नसलेली, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाती शस्त्रविषयक नियमांच्या यादीत येतात. आमच्या शेडमध्ये ती कोणालाही करू देत नाहीत.

लाज वाटून पाते लपवू नका. आमच्या भिंतीवर एक तार ताणलेली आहे. तिच्यावर मोडलेली, तडकलेली, जळलेली कामे टांगलेली असतात आणि प्रत्येकाखाली खडूने कारण लिहिलेले असते. माझीही तिथे चार आहेत. नवीन माणूस आला की त्याला चांगली कामे नंतर दाखवतात, आधी त्या तारेपाशी नेतात. तुमचे मोडके पाते मित्रांपुढे ठेवा. त्या दिवशी जी चर्चा होईल ती दहा चांगल्या सुऱ्यांनी होणार नाही.

प्रश्न : खाडीच्या हवेत आठवड्याभरात सगळे गंजते. उपाय? — एक वाचक, बेलापूर

उत्तर : काम तारेच्या ब्रशने घासा, हाताला चटका बसेल पण लाली नसेल इतके गरम करा आणि त्यावर मधमाश्यांचे मेण किंवा जवसाचे तेल फडक्याने चोळा. जवसाचे तेल सुकून पापुद्रा धरते. त्यात भिजलेली फडकी मात्र गोळा करून ठेवू नका, ती आपोआप पेटू शकतात. पावसाळ्यात हत्यारांना खोबरेल पुसले तरी भागते. गंजापासून वाचवलेले म्हणून जस्ताचा मुलामा असलेले पाइप किंवा सळया मात्र कधीही भट्टीत घालू नका. जस्त ९०७ अंशांना उकळते आणि त्याच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो.

प्रश्न : तळोज्याजवळ आम्ही सहाजण मिळून भट्टी चालवतो. आमच्यातला एक कोळशाचे पैसे वेळेवर देत नाही, सांडशी घरी नेतो आणि परत आणायचे विसरतो. पण नवीन मुलांना शिकवण्यात तोच सर्वांत पुढे असतो, स्वतःचे काम बाजूला ठेवून दुसऱ्याचा घण मारतो. बाकीचे म्हणतात, त्याला काढा. मी कात्रीत सापडलो आहे. — एक वाचक, कामोठे

उत्तर : काढू नका. जो दुसऱ्याच्या लोखंडावर घण मारायला आपले काम सोडतो, त्याने कोळशाची किंमत भट्टीपाशीच चुकती केली आहे, आणि सहाजणांत असा एक असणे हे तुमचे भाग्य आहे. मात्र बाकीच्यांची तक्रारही खरी आहे आणि ती मनात कुजत ठेवली तर मंडळ फुटते, हेही मी पाहिले आहे. आम्ही पूर्वी एका मंडळातूनच फुटून बाहेर पडलो. कारण विचाराल तर एका छिन्नीवरून, आणि ती छिन्नी आजही कोणाकडे आहे ते ठाऊक नाही. त्या मित्रांपैकी दोघे आता आमच्याशी बोलत नाहीत, याचे मला आजही वाईट वाटते.

तेव्हा त्या मित्राला बाजूला घेऊन एकट्याने बोलू नका, सर्वांच्या देखत आणि सर्वांना लागू होईल अशी पद्धत घाला. आम्ही पत्र्याचा एक डबा ठेवला आहे. आल्यावर त्यात पैसे टाकायचे, कोणी किती टाकले हे कोणी पाहत नाही. महिनाअखेर कोळशाला कमी पडले तर तूट सगळे मिळून भरतात. नऊ वर्षांत ती दोनदाच भरावी लागली. हत्यारांसाठी भिंतीवर पांढऱ्या रंगाने प्रत्येक सांडशीची, हातोड्याची आणि छिन्नीची आकृती काढली आहे. दुपारी भट्टी विझवून झाडलोट झाली की जे शेवटी बाहेर पडतात ते भिंतीकडे पाहतात. एखादी आकृती रिकामी दिसली की कोणावर आरोप न करता गटावर एवढाच निरोप जातो, ‘चपट्या तोंडाची मोठी सांडशी जागेवर नाही.’ बहुतेक वेळा ठाणे स्टेशन गाठायच्या आत उत्तर येते, ‘माझ्या पिशवीत आहे, पुढच्या रविवारी पहिल्यांदा मीच येतो.’